इतोमाकि स्थानकातली चौथी जागा

विषय : इतोमाकि स्थानकाच्या फलाटावरील बाकाची चौथी जागा रिकामी असल्याचे लेखी मान्य करणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील माझा मूळ अर्ज व त्यानंतरची स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करण्यात येते, की अर्जदार कुसाकाबे मोरियो, निवृत्त लिपिक, प्रभाग कार्यालय, नोंदणी शाखा, याचे डोके ठिकाणावर आहे. हे वाक्य मूळ अर्जात नव्हते. ते घालायला बायकोने सुचवले. "तेवढं आधीच सांगून टाका," ती म्हणाली, "म्हणजे त्यांना विचारताना संकोच वाटायला नको."

अर्जाच्या नमुन्यात कारणांसाठी दोन ओळी सोडलेल्या असतात. माझी कारणे त्यात मावली नाहीत. म्हणून ही हकिकत जोडली आहे.

१

आमच्या शहराच्या भुयारी रेल्वेला एक शेपटी आहे. कागदोपत्री तिला शाखा मार्ग म्हणतात. मुख्य मार्गापासून फुटून ती मोजकी स्थानकं घेते आणि कामिसाकाच्या मोठ्या इस्पितळाखाली जाऊन संपते. गाडी दोन डब्यांची. जाते तीच, येते तीच. इतोमाकि हे शेवटून दुसरं स्थानक. एक फलाट, एक जिना, थंड-गरम चहाच्या बाटल्या देणारं एक यंत्र, आणि जिन्याच्या तोंडाशी एक पक्षी. हा पक्षी म्हणजे भोंगा आहे. अंधांना वर जायची वाट कळावी म्हणून तो दिवसभर चिवचिवतो. त्याला कोणी पाहिलेलं नाही आणि त्याच्याबद्दल कोणाची तक्रारही नाही. न दिसणाऱ्या गोष्टींशी आमच्या वस्तीचं आधीपासूनच बरं जमतं, हे इथे नमूद करून ठेवतो.

नोकरीत असताना मी सायकलने कचेरीत जायचो. घरापासून हाकेच्या अंतरावर असूनही या स्थानकात क्वचितच उतरलो असेन. मग गेल्या वर्षी तोमोएच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मेंदूत एक बारीकशी गुठळी झाली. ती वाचली. डावा पाय मात्र घासत राहिला आणि डाव्या हाताचा पंजा उघडाच राहिला, मिटेना. कामिसाकाला व्यायामासाठी तिला नेऊ लागलो, तेव्हा इतोमाकिचा हा फलाट आमच्या रोजच्या आयुष्यात आला.

फलाटावर चार जागांचं एकच बाक आहे. प्रत्येक जागेवर चौकोनी गादी. वस्तीतल्या वयस्क बायकांचं मंडळ त्या गाद्या शिवतं. थंडीत जाड सुती, उन्हाळ्यात तागाच्या. तीन गाद्या फुगीर होत्या. भिंतीकडची चौथी मधोमध दबलेली होती.

पहिले काही दिवस माझ्या एवढंच लक्षात आलं, की चौथ्या जागेवर कोणी बसत नाही. गर्दी असली तरी नाही. पोटुशी बाईसुद्धा यंत्राला टेकून उभी राहायची. आणि गाडी आली, की चढण्यापूर्वी जो तो त्या टोकाकडे पाहून मान लववायचा आणि पुटपुटायचा, "माफ करा, पुढे होतो."

कचेरीतून निघताना, मागे कोणी काम करत बसलं असेल तर, आम्ही हे म्हणतो. सारी नोकरी मी हे म्हणत आलो. पण कचेरीत निदान मागे कोणीतरी उरलेलं असायचं.

आठवडाभरात तोमोएही वाकायला लागली.

"कोणाला वाकलीस?" मी गाडीत विचारलं.

"सगळे वाकले, म्हणून."

"म्हणजे कोणाला ते माहीत नाही."

"अहो, तुम्ही साहेबांच्या गाडीला वाकायचात, तेव्हा आत साहेब असायचे का?"

हा मुद्दा मी नोंदवून घेतला.

२

इतोमाकिला निशिवाकि नावाचा एक कर्मचारी असतो. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, पांढरे हातमोजे घातलेला. आमच्याकडे रेल्वेचा माणूस नुसतं पाहत नाही. बोट दाखवून मोठ्याने म्हणतो. डोळा चुकला तर बोट पकडतं, बोट चुकलं तर जीभ. निशिवाकि गाडी सुटताना कडेकडे बोट करायचा. "फलाटाची कड, ठीक." मग दारांकडे. "दारं, ठीक." मग बोगद्याकडे. "सिग्नल, ठीक."

आणि मग अर्धवट वळून, बोट बाकाच्या टोकाकडे. "बाक. एक थांबलेत. ठीक."

मी काही दिवस हे ऐकलं. मग एका सकाळी, तोमोए बाकावर टेकली असताना, त्याच्याकडे गेलो.

"निशिवाकि-सान, कोण थांबलंय?"

"कुठे?"

"बाकावर. चौथ्या जागेवर."

त्याने तिकडे पाहिलं. "कोणी नाही."

"मग 'एक थांबलेत' म्हणता ते?"

"ते म्हणायचं असतं."

"नियमपुस्तकात आहे?"

"नियमपुस्तकात नाही. पण ते न म्हणता इथून गाडी सोडलेली मी पाहिलेली नाही."

"एकदा न म्हणता सोडून बघा."

त्याने हातमोजा मनगटापर्यंत ओढून घेतला. "कुसाकाबे-सान, तुम्ही प्रभाग कार्यालयात होतात. तुम्ही कधी एखादी जुनी पद्धत बंद करून पाहिलीत?"

आमच्याकडे प्रत्येक दाखल्याची तिसरी प्रत एका हिरव्या कपाटात जायची. ते कपाट कशासाठी, हे सांगू शकणारा माणूस मी लागण्याआधीच निवृत्त झाला होता. माझ्या निरोपसमारंभाच्या दिवशीही तिसरी प्रत हिरव्या कपाटात गेली.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, ती अशी. पूर्वी कधीतरी तिथे कोणी तापट म्हातारा बसत असेल. लोक त्याला मान द्यायचे. म्हातारा गेला, सवय राहिली. गादी दबली आहे, कारण तिच्यात कापूस कमी भरला असेल. समजूत चांगली होती. मी तिच्यावर शिक्कासुद्धा मारला असता.

तपासून पाहावं म्हणून मी माझी ओली छत्री चौथ्या जागेवर आडवी टाकली. समोर उभ्या असलेल्या दोघांनी खाली पाहिलं. त्यांच्यातला एक यंत्रापर्यंत सरकला आणि नको असलेला चहा विकत घेऊ लागला.

गाडी किती लांब आहे ते पाहायला मी फलाटाच्या कडेला गेलो. परत वळलो, तेव्हा छत्री बाकाच्या पायाला टेकवून उभी होती. नीट गुंडाळलेली, पट्टा फिरवून बटण लावलेली, पाणी निथळून खाली लहानसं डबकं झालेलं.

"कशाला त्रास घेतलास?" मी तोमोएला म्हटलं.

तिने तिचा डावा हात उचलून माझ्यापुढे धरला. उघडा पंजा, ताठ बोटं. "या हाताने मी बटण लावलं असतं, तर आपण इस्पितळात कशाला गेलो असतो?"

मी चौथ्या गादीला हात लावून पाहिला. माणूस नुकताच उठून गेल्यावर जेवढी असते, तेवढी ती कोमट होती.

३

इस्पितळात व्यायाम करवून घेणाऱ्या मुलीने तोमोएला सांगितलं, की आता एकदा एकट्या येऊन दाखवा. अंतर लहान आहे, धीर येईल. तोमोएलाही ते हवं होतं. माझ्या हाताला धरून चालण्याचा तिला कंटाळा आला होता, आणि माझ्या सूचनांचा तर फारच. तेव्हा दाढ काढायची म्हणून मी दंतवैद्याकडे गेलो आणि ती जिना उतरून स्थानकात गेली.

दुपारी इस्पितळातून फोन आला. तोमोए-सानची तब्येत बरी आहे ना, त्या आल्या नाहीत.

मी तसाच, गालात कापसाचा बोळा धरून, खाली धावलो.

ती बाकावर होती. तिसऱ्या जागेवर, मांडीवर पर्स, अंग थोडं चौथीकडे वळवलेलं, मान किंचित झुकलेली. शेजारच्याचं बोलणं ऐकताना आपण बसतो तशी. माझ्या देखत गाडी आली. दारं उघडली. लोकांनी टोकाकडे मान लववली, चढले. दारं मिटली. गाडी गेली. ती उठली नाही.

"तोमोए."

"हळू बोला."

"तू गेली का नाहीस?"

"कशी जाणार? ते आधीपासून थांबलेत."

"सगळे पुढे होतातच की. 'माफ करा' म्हणायचं आणि निघायचं."

"तसंच निघणार होते." ती पुटपुटत बोलत होती, ओठ फारसे न हलवता. "उठताना पाय सटकला. पडतच होते. त्यांनी हात दिला."

"कोणी?"

"मी म्हटलं, फार उपकार झाले, आता तुम्ही पुढे व्हा. ते म्हणाले, छे छे, तुम्हीच व्हा. मी म्हटलं, तुम्ही. ज्याने हात दिला त्याला मागे ठेवून मी पुढे जाऊ? मला काही घरचं वळण आहे का नाही?"

आमच्याकडच्या माणसाला यात वेड दिसणार नाही, हे मला इथे कबूल करावं लागतं. लिफ्टच्या दाराशी, जिन्यावर, लग्नाच्या जेवणावळीत आम्ही तासन्‌तास हेच करत असतो. तुम्ही पुढे, छे, तुम्ही. शेवटी कोणीतरी थकतो आणि पुढे होतो. त्या बाकावर थकणारं एकच होतं.

मी तिला दंडाला धरून उठवलं आणि जिन्याकडे नेलं. ती मागे वळून वाकत राहिली, पुन्हा पुन्हा, पाय घासत. जिन्याच्या तोंडाशी मला जाणवलं, की पक्षी गप्प आहे. आम्ही वर आल्यावर खालून तो पुन्हा बोलू लागला.

घरी तिचे बूट काढताना मी तिचा डावा हात पाहिला. पंजा मिटला होता. जी बोटं वर्षभर कोणाला वळवता आली नव्हती, ती वळली होती. पण मूठ घट्ट नव्हती. आत पोकळी होती. कोणाचा तरी हात धरल्यावर राहते तेवढी.

४

त्या संध्याकाळपासून तोमोए कशातच पुढे होईना.

आमच्या बैठ्या मेजाला चार बाजू आहेत आणि घरात माणसं दोन. मी चॉपस्टिक उचलल्या. तिने उचलल्या नाहीत. ती माझ्या उजवीकडच्या रिकाम्या बाजूकडे पाहत होती.

"जेव."

"तुम्ही जेवा. माझं होईल मागाहून."

"मागाहून म्हणजे कधी?"

सूप निवलं. त्यावर साय धरल्यासारखा थर आला. मी दटावलं, तेव्हा चार घास खाल्ले, तेही मान खाली घालून, चोरी केल्यासारखे. रात्री न्हाणीचं दार तिने उघडं ठेवलं आणि बाहेर बसून राहिली, टबातलं पाणी गार होईपर्यंत.

सकाळी कपडे करून ती स्थानकात गेली आणि तिसऱ्या जागेवर बसली. दुसऱ्या दिवशीही. मी उठवून आणायचो, ती पुन्हा जायची. इस्पितळातला व्यायाम बंद पडला. डॉक्टरांनी उदासी म्हटलं आणि गोळ्या दिल्या. तिने त्या घेतल्या नाहीत, कारण बाकावरच्या 'त्यांनी' अजून घेतल्या नव्हत्या. गालाची हाडं वर आली. मी नोंदणी शाखेतला माणूस आहे. कोणत्या वेगाने काय घटलं की पुढे कोणता दाखला लागतो, हे मला कोणी सांगायला नको होतं.

अशात हिरासावा-सान घरी आल्या. गाद्या शिवणाऱ्या मंडळाच्या त्या प्रमुख. सोबत वाटीभर लोणचं आणि खांद्यावर शिंप्याची फीत.

"तोमोए-सान आहेत का? फार वेळ घेणार नाही. एक माप घ्यायचंय."

"कशाचं?"

"त्यांच्या बैठकीचं. तिसरी गादी जरा जाड करावी म्हणतोय आम्ही. लांब बसायचं म्हणजे टोचतं ना. तांदळाच्या दुकानवाल्या ओगिनो-सान बसायच्या, तेव्हा आम्हाला आधी सुचलंच नाही. बिचाऱ्यांना फार त्रास झाला."

"कोण ओगिनो-सान?"

"तुम्ही सायकलवाले, तुम्हाला कसं माहीत असणार. छान बाई. फार सभ्य."

"मग आता कुठे आहेत त्या?"

हिरासावा-साननी फीत बोटाला गुंडाळली. "शेवटी शेवटी त्या दिसेनाशा झाल्या. म्हणजे आम्हाला. निशिवाकि-सानच्या आधीचे जे होते, ते म्हणायचे काही दिवस, 'बाक. दोन थांबलेत.' मग पुन्हा एक म्हणायला लागले."

"आणि तुम्ही कोणी काही केलं नाहीत."

"केलं की. गादी बदलली." त्या खरोखर दुखावल्या होत्या. "कुसाकाबे-सान, अशा वेळी मध्ये पडणं बरं दिसतं का? दोन माणसांमधली ती गोष्ट."

आतून तोमोएचा आवाज आला, क्षीण, पण फार अगत्याचा. "हिरासावा-सान आल्यात का? या ना. आधी त्यांचं माप घ्या, मग माझं."

मी हिरासावा-सानना दारापर्यंत पोचवलं. लोणचं ठेवून घेतलं. माप दिलं नाही. माझ्या नोकरीत मला उर्मट म्हणून दोनदा समज मिळाली होती, आणि दोन्ही वेळा मी खजील झालो होतो. त्या दुपारी प्रथमच वाटलं, की तो माझ्या अंगचा एकमेव उपयोगी गुण असावा.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोमोएच्या बरोबरच निघालो. भाताचे गोळे, खारवलेले आलुबुखार, जवाचा चहा आणि वर्तमानपत्र एका पिशवीत भरलं. ती तिसऱ्या जागेवर बसली आणि टोकाकडे मान लववली. फलाटावर पाचसहा माणसं होती. निशिवाकि कडेला उभा होता.

मी चौथ्या जागेपुढे गेलो.

"सरका," मी म्हटलं.

फलाटावर कोणीतरी खोकलं.

"अहो," तोमोए म्हणाली. वर्षभरात तिचा आवाज इतका चढला नव्हता. "अहो, काय हे. ते बसलेत."

"मला काही दिसत नाही. दिसत नाही, म्हणजे जागा रिकामी आहे. सरकणार नसाल तर मी बसतो." आणि मी बसलो.

सुरुवातीला गादी खाली गेलीच नाही. भरल्या गाडीत, कोणाच्या मांडीवर चुकून टेकलो तर जसं लागेल तसं मला लागलं. कोमट, आणि हाडं असलेलं. पाय आपोआप उठायला निघाले. सारं शरीर माफी मागायला तयार झालं होतं. आमचं शरीर त्यासाठीच घडवलेलं असतं. मी पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी दाबली आणि होतं नव्हतं तेवढं वजन खाली सोडलं.

हळूहळू ते माझ्याखालून निघालं. घाईने नाही, रागाने नाही. वयस्क माणसाला जागा करून देताना एखादा उठतो, तसं. गादी खाली गेली.

पक्षी थांबला होता.

मी वर्तमानपत्र उघडलं. एक अक्षर वाचलं नाही. बोगद्यातून वारा आला, मग गाडी. दारं उघडली. फलाटावरच्या माणसांना कळेना, की कोणत्या दिशेला वाकायचं.

"तोमोए, ऊठ."

"कशी उठू?"

"तुला हात देणारा या जागेवरचा ना? या जागेवर आता मी आहे." मी तिची डावी मूठ माझ्या हातात घेतली. तिच्यातली पोकळी थंडगार होती. एकेक बोट सरकवून मी माझी बोटं आत घातली. "हा घे हात. आता मला मागे ठेवून पुढे हो."

"तुम्हाला?"

"मी नवरा आहे तुझा. माझ्याशी कधी सभ्यपणे वागली आहेस? सगळ्यात शेवटचा मासा कोण खातं? वर्तमानपत्र आधी कोणाला लागतं? लग्नाच्या दिवशी फोटोत माझ्या पुढे कोण उभं राहिलं?"

मग तिच्या तोंडाच्या बऱ्या बाजूला काहीतरी हललं.

"तुमचा टाय वाकडा होता," ती म्हणाली. "झाकायला उभी राहिले."

"मग जा आता. आणि 'माफ करा' म्हणू नकोस."

ती माझ्या हातावर भार देऊन उठली. पाय घासत दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर सवयीने तिची मान लवायला लागली. मी म्हटलं, "खबरदार." ती ताठ झाली आणि आत गेली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझं ऐकल्याचे प्रसंग फार नाहीत. हा त्यातला एक.

निशिवाकिने बोट उगारलं. "फलाटाची कड, ठीक. दारं, ठीक. सिग्नल, ठीक." बोट माझ्याकडे वळलं आणि हवेत राहिलं. "बाक," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला सुचेना. शेवटी गाडी त्या अर्ध्या वाक्यावरच सुटली.

गाडी हलली, तेव्हा तिच्या काळ्या काचांमध्ये आमच्या बाकाचं प्रतिबिंब सरकत गेलं. तीन रिकाम्या जागा. चौथीवर मी, हातात उघडं वर्तमानपत्र. आणि माझ्यापुढे, माझ्या गुडघ्यांना जवळजवळ टेकून, कोणीतरी उभं होतं. कमरेतून पार खाली वाकलेलं. मी चेहरा पाहिला नाही. डोक्याचा मागचा भाग पाहिला, मानेची खोबण आणि राखाडी कॉलर. जागा मागण्यासाठी माणूस जितकं वाकेल, त्यापेक्षा ते वाकणं फारच खाली होतं.

मी काचेतून नजर काढून समोर पाहिलं. समोर फक्त रूळ होते.

"भरलेली आहे," मी म्हटलं, आणि भाताचा गोळा सोडला.

६

तेव्हापासून तोमोए कामिसाकाला जाते त्या प्रत्येक दिवशी मी चौथ्या जागेवर बसतो. ती दुपारी परत येते, माझ्यापुढे येऊन थांबते आणि डावा हात पुढे करते. पंजा आता उघडतो आणि मिटतोही. इस्पितळातली मुलगी स्वतःला शाबासकी देते, देऊ दे. तोमोए मला ओढते, मी तिच्यावर भार देतो, आणि आम्ही दोघं एकदम निघतो. हात देणाराही आणि घेणाराही. कोणी मागे राहत नाही. घरी ती आता माझ्या आधी जेवायला बसते, आणि कढीतला मोठा मासा घेते.

पहिल्या दिवशी मी निशिवाकिला म्हटलं, "आता तरी ते वाक्य बंद करा. जागेवर कोण आहे ते तुम्हाला दिसतंय."

"दिसतंय ना," तो म्हणाला. पुढची गाडी आली. त्याने बोट माझ्याकडे केलं. "बाक. एक थांबलेत. ठीक."

"मी थांबलेलो नाही. मी बसलोय."

"फरक काय, कुसाकाबे-सान?"

लोकही मला वाकायला लागले आहेत. "माफ करा, पुढे होतो," असं माझ्या छातीच्या उंचीवर पाहत म्हणतात. मी प्रत्येकाला ऐकू जाईल असं उत्तर देतो, "व्हा की. मी कोणाची वाट पाहत नाही." पोटुशी बाई होती, तिला मी हाक मारून तिसऱ्या जागेवर बसवलं. ती बसली. पुढच्या वेळी आपणहून बसली. हिरासावा-साननी माझ्यासाठी जाड गादी आणून दिली. मी ती उशाला घेतो.

म्हणून रेल्वेच्या कचेरीत अर्ज केला. मागण्या तीन : चौथी जागा रिकामी असून कोणाच्याही बसण्यासाठी आहे, हे लेखी मान्य करावे, 'एक थांबलेत' हे वाक्य बंद करावे, आणि ओगिनो-सान यांचे काय झाले, याची चौकशी करावी.

बरेच दिवस काही आलं नाही. मग उत्तर आलं. भाषा अत्यंत नम्र. आपला अर्ज प्राप्त झाला, आपण घेतलेल्या तसदीबद्दल आभार. मात्र याच जागेसाठी आपल्या आधी आलेला एक अर्ज निर्णयाविना पडून असल्याने, क्रमाने पाहता, तो आधी विचारात घ्यावा लागेल. आधीच्या अर्जदारास आपण पुढे होऊ द्याल, तर कृपया तसे कळवावे.

आधीचा अर्जदार कोण, हे त्यांनी लिहिलं नव्हतं. कचेरीतला माणूस म्हणून मला ठाऊक आहे, की असं नाव लिहायचं नसतं.

मी उलट टपाली कळवलं : नाही.

आणखी एक बाब नोंदवायची आहे. गाडी सुटताना मी रोज काचेत पाहतो. पहिले काही आठवडे ते वाकणं होतं तसंच होतं. अलीकडे ते तेवढं खाली राहिलेलं नाही. परवा कॉलर दिसत नव्हती. कान दिसत होता. काल कानाच्या पुढची कड. पाठ सरळ होत चालली आहे. सभ्यता कोणाचीही कायमची पुरत नाही, त्यांचीही नाही, असं दिसतं. लवकरच चेहरा वर येईल.

येऊ दे. मी सारी नोकरी काउंटरवर काढली आहे. जन्म, मृत्यू, लग्न, काडीमोड, सगळ्यांचे चेहरे काचेच्या त्या बाजूने पाहिलेत, आणि जेवणाच्या सुट्टीत कोणासाठीही खिडकी उघडलेली नाही. तोमोएला हे सांगितलं. ती म्हणाली, "चेहरा वर आला, की आधी तुमच्याकडेच बघणार." मग थोडा विचार करून म्हणाली, "टाय नीट करून जात जा."

आज सकाळी तिने तो स्वतःच्या हातांनी बांधला. दोन्ही हातांनी. आता ती कामिसाकाला गेली आहे. मी जागेवर आहे. हे तिथेच बसून लिहिलं.

पक्षी थांबला आहे; गाडी येत असावी.

अर्ज प्रलंबित आहे.